चाकणहून पुएब्लाला, स्प्रिंगा घेऊन

निघोजे

परदेशी जाऊन आलेली माणसं आधी तिथली थंडी सांगतात, मग तिथली स्वच्छता. मी त्यातलं काही सांगणार नाही. मी गेले तिथली थंडी आपल्या माघापेक्षा जास्त नव्हती आणि रस्त्यावर कुत्री आपल्याइतकीच होती. शिवाय मी फिरायला गेले नव्हते, सामान पोचवायला गेले होते. चाकणहून मेक्सिकोला तीन बॅगा भरून स्प्रिंगा घेऊन मी एकटी गेले आणि आले, यावर गावात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. खरं सांगायचं तर माझाही नीटसा बसलेला नाही.

आमची कंपनी निघोज्याच्या अंगाला आहे. कंपनी म्हणायचं एवढंच, मोठ्या शेडमध्ये मावेल इतकी. तिथे आम्ही अंगठ्याच्या पेराएवढी एक स्प्रिंग बनवतो. मोटारीच्या सीटची पाठ मागेपुढे करायचा जो खटका असतो, त्याच्या पोटात ती बसते. मी तपासणी आणि पॅकिंगची सुपरवायझर. माझ्या हाताखाली सगळ्या बायका आहेत. काही इथल्याच, ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, आणि काही बीड-लातूरकडून नवऱ्यांच्या मागे आलेल्या. दिव्याखाली बसून एकेक स्प्रिंग डोळ्यांनी तपासायची, हे त्यांचं काम. या स्प्रिंगा जहाजाने मेक्सिकोतल्या पुएब्ला नावाच्या शहरात जातात. तिथल्या एका कारखान्यात सीटा बनतात.

एका सकाळी आमचे मालक विलासशेठ स्वतः पॅकिंगच्या टेबलापाशी आले. शेठ खाली आले की काहीतरी बिघडलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक. आमचा माल घेऊन गेलेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून चाललं होतं आणि कुठल्याशा बंदरात अडकलं होतं. पुएब्लाच्या कारखान्यातल्या स्प्रिंगा त्याच आठवड्यात संपणार होत्या. आमच्यामुळे त्यांची सीटा जोडायची लाइन थांबली, तर हे काम ते दुसऱ्याला देणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आणि ते काम गेलं, तर हे टेबल चालवायचं कारण उरणार नाही, कारण इथल्या गिऱ्हाइकांना हाताने तपासलेला माल लागत नाही. शेठनी हे बायकांच्या देखतच सांगितलं. दिव्याखालचे हात थांबले.

उपाय एकच होता. कुणीतरी स्प्रिंगा घेऊन विमानाने जायचं. आमच्या धंद्यात असं करतात, मी ऐकून होते, पण ते मोठ्या कंपन्यांचे चोचले अशी माझी समजूत होती. आमच्या इंजिनिअर मंडळींत एकाकडे पासपोर्ट नव्हता, दुसऱ्याच्या पासपोर्टची मुदत संपलेली, आणि मेक्सिकोचा व्हिसा काढायला वेळ कुणाला होता?

"मंगलताई," विलासशेठ म्हणाले, "तुमच्याकडं अमेरिकेचा व्हिसा हाय ना? त्याच्यावर मेक्सिकोत सोडत्यात."

होता. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा मिळालेला दहा वर्षांचा व्हिसा कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली पडून होता. मला वाटलं शेठ चेष्टा करतायत, म्हणून मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

शेठच्या केबिनमध्ये शोभेला ठेवलेला पृथ्वीचा गोल आहे. आमच्या डिझाइनवाल्या इंजिनिअरने मला रस्ता दाखवायला म्हणून त्याच्यावर दोरा लावला. एक टोक चाकणवर, दुसरं पुएब्लावर. मी मनाशी धरलं होतं की दोरा अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून, मोठ्या समुद्रावरून आडवा जाईल. त्याने दोरा ताणला मात्र, तो घसरत घसरत वर गेला आणि थेट उत्तर ध्रुवाजवळून पलीकडे उतरला. मी त्याला म्हटलं, तू नीट धरला नाहीस. त्याने पुन्हा ताणला. पुन्हा तेच. चाकण आणि पुएब्ला विषुववृत्तापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे एकाच आडव्या रेघेवर, फक्त गोलाच्या या आणि त्या अंगाला. त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता बर्फावरून जातो. तोही साडेपंधरा हजार किलोमीटरच्या आसपास. आणि त्या रस्त्याने इथून कुणी नेत नाही म्हणे. इस्तंबूलला उतरून दुसरं विमान धरायचं, म्हणजे आणखी लांब. मी त्या दोऱ्याकडे बघतच राहिले. एवढा लांबचा गाव आपण रोज खोक्यावर लिहितो आणि तो कुठे आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, याचा मला मोठा धक्का बसला.

घड्याळाचंही त्यानेच सांगितलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. म्हणजे इथे संध्याकाळचे आठ वाजले की तिथे सकाळचे साडेआठ. मी विचार केला, काटे तर जवळजवळ तिथेच राहतात, मग हातातल्या घड्याळाला हात कशाला लावायचा? या शहाणपणाचं काय झालं ते पुढे येईलच.

घरी सांगितल्यावर ह्यांनी पहिल्यांदा विचारलं, परत कधी येणार, आणि मग विचारलं, मेक्सिको म्हणजे नक्की कुठं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तोवर दोऱ्यानिशी पाठ झालं होतं. मी कपडे आणि पासपोर्ट घेऊन कंपनीत परत आले, तोवर बायकांनी तिन्ही बॅगा भरून, कुलपं लावून, पट्टे आवळून ठेवल्या होत्या. शेवंताबाई आमच्यात सगळ्यांत वडील. माझ्या सासरच्याच भावकीतल्या, त्यामुळे सुपरवायझर असले तरी त्या मला अगंतुगंच करतात. त्यांनी एका बॅगेवर हात ठेवला होता. "जा बाई, हातानं न्हिऊन दे," त्या म्हणाल्या. "जहाजाचा काय भरवसा न्हाई राहिला." गाडी फाटकाबाहेर पडली तरी त्या सगळ्या शटरपाशी उभ्या होत्या.

आकाशात

विमानप्रवासाचं लोक फार कौतुक सांगतात. मला विचाराल तर ती बसायची एक कंटाळवाणी रीत आहे, पायाला मुंग्या आणणारी. मुंबईला एका अधिकाऱ्याने यंत्रात बॅग पाहिली आणि दुसऱ्याला हाक मारून बोलावलं. मग तिसरा आला. पडद्यावर हजारो वेटोळी दिसत होती. कागद दाखवले, इनव्हॉइस दाखवलं. "मॅडम, एवढ्या स्प्रिंगा घेऊन तुम्ही स्वतः चाललात?" त्याने विचारलं, तेव्हा पहिल्यांदा मला आपण काय करतोय ते जाणवलं.

समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशात विमान सरकताना दिसतं आणि खाली उरलेलं अंतर येतं. ते बघायची मला खोडच लागली. निघोज्याहून संध्याकाळी हिंजवडीला जायला जेवढा वेळ मोडतो, तेवढ्यात आम्ही अरबी समुद्र ओलांडून इराणवर आलो होतो. मी पुन्हा पुन्हा डोळे चोळून पाहिलं. खाली कोरडे, सुरकुतलेले डोंगर होते आणि मला तळवड्याच्या चौकातले डंपर आठवत होते. आमच्या वेळेची मापं किती वाकडी आहेत, असं वाटून गेलं.

इस्तंबूलनंतरचा दिवस काही केल्या मावळेना. आम्ही सूर्याच्या मागे मागे पळत होतो. जेवण आलं, चहा आला, माणसं खिडक्या झाकून झोपली, पुन्हा जेवण आलं, आणि मी झाकण किंचित वर केलं की बाहेर अजून ऊन. शेजारी एक तुर्की गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, मुलाकडे निघालात का. मी म्हटलं, नाही, कारखान्यात. ते बराच वेळ माझ्या साडीकडे आणि पायांतल्या सुरक्षा बुटांकडे आळीपाळीने बघत राहिले. बूट मी वजन वाचवायला पायातच घातले होते. ज्या वारी निघाले त्याच वारी मी मेक्सिकोत उतरले, आणि तरी मध्ये आयुष्यातला सगळ्यांत लांब दिवस गेला होता.

पुएब्ला

सकाळी हॉटेलच्या खिडकीचा पडदा सरकवला आणि मी ओरडलेच. समोर बर्फाच्या टोकाचा एक थोरला डोंगर, आणि त्याच्या डोक्यातून धूर. कुदळवाडीला भंगाराच्या गोदामाला आग लागली की असा धूर आमच्या गच्चीवरून दिसतो, म्हणून माझ्या मनात पहिलं तेच आलं. तशीच खाली धावले आणि काउंटरवरच्या मुलीला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की डोंगर पेटलाय. तिने मान वळवून बाहेर पाहिलंसुद्धा नाही. तो ज्वालामुखी आहे म्हणाली, रोजच करतो. आणि मला नाश्त्याची खोली कुठे आहे ते दाखवलं. जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी एवढं शहर वसवून ही माणसं शांतपणे कामाला जातात, मला काही उमजेना.

नाश्ता माझ्या नशिबात नव्हता. घड्याळाचे काटे न बदलण्याची हुशारी मला नडली. जो अर्धा तास मी किरकोळ म्हणून सोडून दिला होता, तेवढीच उशिरा मी आवरून पुन्हा खाली आले होते. कारखान्याचा तरुण इंजिनिअर दिएगो केव्हाचा ताटकळत उभा होता. मुलगा गुणी. त्याला इंग्रजी येत होतं, माझं इंग्रजी त्याला समजत होतं, आणि मी उपाशी आहे हे त्याला न सांगताच कळलं. वाटेत एका टपरीपाशी त्याने गाडी थांबवली.

तिथे एक बाई मक्याची भाकरी थापत होती. हाताची चाल अगदी आपली, फक्त भाकरी तळहाताएवढी. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, असं दिएगोने सांगितलं. लिंबू आणि मिरची तर प्रत्येक गोष्टीवर. मला माहेरी आल्यासारखं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तिने तव्यावर फड्या निवडुंग टाकला. काटे काढलेला, पट्ट्या कापलेला. आमच्याकडे तो बांधाला लावतात, जनावरं आत येऊ नयेत म्हणून. मी तो खाल्ला. बुळबुळीत, भेंडीच्या चुलतभावासारखा.

पण खरा धक्का पुढचा होता. पुढच्या भाकरीत काळंकुट्ट काहीतरी भरलेलं होतं. मी विचारलं तर दिएगोने फोनवर चित्र दाखवलं. कणसावरची काणी. तीच, दाणे फुगून राखाडी फोड येतात ती. माझे वडील अशी कणसं उपटून लांब नेऊन जाळायचे. जनावरापुढेही टाकायचे नाहीत. इथे ती साध्या मक्यापेक्षा महाग मिळते म्हणे. रोग महाग आणि पीक स्वस्त, हे ऐकून मी थिजलेच. वडील असते तर त्यांनी दिएगोला वेड्यात काढलं असतं. मी एक घास खाल्ला. अळंबीसारखी लागली आणि वाईट गोष्ट अशी की आवडली.

कारखान्यात पाऊल ठेवलं आणि जीव भांड्यात पडला, कारण ते सगळं ओळखीचं होतं. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या, भिंतीवर तेच फलक, तोच तेलाचा वास. आमच्या शेडमध्ये गणपती आहे तसा इथे भिंतीत मेरीमातेचा देव्हारा होता, विजेच्या माळा लावलेला. माल घेणाऱ्या विभागात तपासणीला लुपिता नावाची बाई होती. माझ्याच वयाची, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. तिने माझ्या सुरक्षा बुटांकडे पाहून मान डोलावली. मला वाटलं, चला, आपल्यातलंच माणूस आहे.

पहिली बॅग तिने उघडली, पिशव्या मोजल्या, चार स्प्रिंगा मापल्या. ठीक. दुसरी उघडली. सगळ्यांत वरच्या पिशवीचं तोंड सोडलं आणि ती थबकली. तिने चष्मा लावला. मग दिएगोला काहीतरी म्हणाली, अगदी हळू. दिएगोचा चेहरा पडला.

"ती म्हणतेय, गंज आहे," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. चकचकीत, तेल लावलेल्या स्प्रिंगांवर लाल डाग पसरला होता. मधूनमधून पिवळा. पण तो गंज नव्हता. मला वास आला होता. हळदीचा. साडेपंधरा हजार किलोमीटरांवर, त्या तेलाच्या आणि रबराच्या वासात, स्वच्छ हळदीचा वास. आणि तेलात चिकटलेले तांदळाचे दोन दाणे.

आमच्याकडे हे काय असतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. नवीन मशीन आलं की हळदीकुंकू, नवीन टेम्पोला हळदीकुंकू, खंडेनवमीला तर स्क्रूड्रायव्हरसुद्धा सुटत नाही. चाकणमध्ये कोट्यवधींचा रोबो बसवतात तेव्हाही आधी त्याच्यापुढे नारळ फुटतो, आणि परदेशी साहेब टाळ्या वाजवतो. स्प्रिंगा पहिल्यांदाच विमानाने निघाल्या होत्या. मी पासपोर्ट आणायला गेले तेवढ्यात बायकांनी त्यांना कुंकू लावून, अक्षता टाकून, पिशवी बंद केली होती. मी तिथे असते तर बॅगेवर बाहेरून लावा म्हटलं असतं. त्यांनी त्याचाही विचार केला होता, हे मला मागून कळलं. बाहेर लावलं तर विमानतळावर पुसलं जाईल, म्हणून आत लावलं.

लुपिताने चिमट्याने तांदळाचा एक दाणा उचलला, पांढऱ्या कागदावर ठेवला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. गंजात तांदूळ कुठून आला, हा प्रश्न तिला कधी पडला नसणार. मी हातवारे करून कपाळ दाखवलं, माझी टिकली दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि नियमाप्रमाणे तिन्ही बॅगांना लाल पट्टी लावून त्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवल्या. कुलूप लावलं. एका पिशवीत बाहेरची वस्तू सापडली की सगळाच माल संशयित. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि हे कळत असूनही मला तिचा संताप आला.

लाइनवर संध्याकाळपर्यंत पुरतील इतक्याच स्प्रिंगा उरल्या होत्या. मी अर्धी पृथ्वी ओलांडून आणलेला माल लाइनपासून हाकेच्या अंतरावर कुलपात पडला होता. दिएगोने खुर्ची दिली.

कारण लिहून घेतल्याशिवाय माल सुटणार नव्हता, म्हणून आम्हांला एका खोलीत बसवलं. त्यांचा गुणवत्तेचा मोठा साहेब दुसऱ्या शहरातून पडद्यावर आला. या पद्धतीची मला सवय आहे. चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. आम्हीही बायकांना विचारतो. पण स्वतःला उत्तरं द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. साहेब विचारी, दिएगो इंग्रजीत सांगे, लुपिता कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी.

स्प्रिंगांवर लाल भुकटी का होती? मी म्हटलं, माझ्या बायकांनी लावली, ते कुंकू आहे. त्यांनी का लावलं? जी वस्तू पहिल्यांदा बाहेर निघते तिला आम्ही लावतो. का? नीट पोचावी म्हणून.

साहेबाने जराही आवाज न बदलता विचारलं, भुकटी लावल्याशिवाय ती नीट का पोचणार नाही?

मला राग आला. मग लक्षात आलं की माणूस टोमणा मारत नाहीये, त्याला खरंच उत्तर हवंय. मी सांगितलं, पोचेल की. पण शटर खाली पडलं की आमच्या हातात काही राहत नाही. आम्ही एकेक स्प्रिंग डोळ्यांनी बघून पाठवतो, पुढे ती कुठे जाते, कोण उचलतं, कधी पोचते, आम्हांला काही दिसत नाही. जहाज पोचायला हवं होतं, पोचलं नाही.

आणि पाचवा का. भुकटीने काहीच फरक पडत नाही हे तुम्हांला ठाऊक होतं, तर मग का लावली?

"कारण त्यांना भीती वाटत होती," मी म्हणाले. "तुमची लाइन थांबली की माझ्या बायकांचं टेबल उठणार. बाकी करण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं."

दिएगोने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. पडद्यावरच्या साहेबाने मान खाली घालून लिहून घेतलं. एकेक स्प्रिंग पुसून, तपासून घेणार असाल तर माल सोडा, लेखी उत्तर नंतर पाठवा, असं म्हणून तो पडद्यावरून गेला. लुपिता त्याच्या आधीच पिंजऱ्याची किल्ली आणायला गेली होती.

माल अजून आमचाच होता, त्यांनी स्वीकारला नव्हता, म्हणून त्याला हात लावायचा हक्क माझा होता. टेबल लागलं, दिवा आला. मी पुसायचं, लुपिताने बघायचं. थोड्या वेळाने तिने तिच्या आणखी दोघींना बोलावलं. एकीलाही माझी भाषा येत नव्हती आणि लागलीही नाही. स्प्रिंग दिव्याखाली फिरवायची पद्धत जगभर एकच असावी. मध्येच प्रयोगशाळेतला एक माणूस आमच्या कुंकवाचा नमुना कागदात घेऊन गेला, ते लोखंड खातं का पाहायला. बाजारचं कुंकू, त्यात काय काय मिसळतात देव जाणे. तो परत आला. नाही खात, म्हणाला. आमच्या सगळ्यांची बोटं लाल-पिवळी झाली होती आणि लुपिताने आपली बोटं नाकाशी नेऊन वास घेतला.

पहिली पेटी लाइनवर गेली तेव्हा तिथलं खोकं तळाला लागलं होतं. पिवळ्या पट्टीच्या अलीकडून मी पाहिलं. एका तरुण पोरीने आमची स्प्रिंग उचलली, सीटच्या खटक्यात बसवली आणि पुढच्या सीटकडे वळली. तिने स्प्रिंगेकडे पाहिलंही नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. ज्याच्यासाठी मी एवढा मोठा दिवस आकाशात काढला, ते एवढंच काम होतं. लाइन थांबली नाही. मी खुर्चीवर बसले आणि मला रडू कोसळलं, ते आवरेचना.

निघताना लुपिताने दिएगोकरवी मला सांगितलं की लाल पट्टी लावताना तिलाही भीती वाटत होती. पट्टी चुकीची ठरली असती आणि लाइन थांबली असती, तर ते पाच प्रश्न तिला विचारले गेले असते. मी तिचे हात धरले. मागे डोंगर निवांत धूर सोडत होता.

परत

कंपनीत आले तेव्हा बायकांनी मला टेबलाभोवती घेरलं. धूर सोडणारा डोंगर त्यांना पटला, फोटो होता. काणी मात्र कुणाला पटली नाही. शेवंताबाई म्हणाल्या, तुला त्यांनी बनवलं. कुंकवाचं सांगितलं तेव्हा सगळ्या चपापल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मी काय उत्तर दिलं ते ऐकल्यावर एकेक करून पुन्हा दिव्याखाली जाऊन बसल्या. जहाजही शेवटी पोचलं. काम आमच्याकडेच राहिलं.

ती पाच उत्तरं आम्ही लेखी पाठवली, आणि मग पुएब्लाहून मेल आली. विलासशेठनी मला केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवली. पहिली चार उत्तरं मान्य होती. पाचवं परत आलं होतं. भीती हे मूळ कारण म्हणून धरता येत नाही, कृपया तांत्रिक कारण द्यावे, असा त्याचा मतलब होता. ज्वालामुखी पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या ओळीने बसला. मी विचारलं, मग काय लिहिणार? शेठनी आधीच लिहिलं होतं. कर्मचाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. मी म्हटलं, हे खोटं आहे, पाठवू नका.

"ताई," ते म्हणाले, "खरं कारण त्यांच्या रकान्यात बसत न्हाई. मी तरी काय करू?"

ते उत्तर लगेच मान्य झालं. आता प्रशिक्षण देणं भाग होतं, आणि ते देणार कोण, तर मी. पॅकिंगच्या जागेत सगळ्या जणी खाली बसल्या. मी उभी राहून सांगितलं की मालात बाहेरची कुठलीही वस्तू जाता कामा नये, मग ती कितीही पवित्र असो. कुंकू नाही, अक्षता नाही, फूल नाही. परदेशातल्या बायकांना ते पुसत बसावं लागतं, हेही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काही शंका, मी विचारलं. हे विचारायचं असतं म्हणून.

शेवंताबाईंनी हात वर केला.

"कुंकू लावायचं न्हाई, कळलं," त्या म्हणाल्या. "पर भ्या वाटलं, तर मग करायचं काय, त्ये सांग."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर तसं काही नव्हतं. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी सह्या करा. सगळ्यांनी केल्या. शेवंताबाईंनी नाही केली. उत्तर मिळालं की करते, म्हणाल्या. त्यांच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे.